राऊत मास्तरांचा विलायती जिल्हा

राऊत मास्तर कुत्र्यांना ‘अहो’ म्हणत.

हे मी रंगवून सांगत नाही. रंगवून सांगायची मला खोड आहे हे कबूल, पण राऊत मास्तरांच्या बाबतीत रंगाचा डबा उघडावाच लागत नाही. शाळेच्या वाटेवर एक पिवळं, हडकुळं कुत्रं पसरलेलं असे. मास्तर त्याच्यापासून दहा हातांवर थांबत, छत्री छातीशी धरत आणि घोगऱ्या आवाजात म्हणत, “अहो, जरा जाऊ द्या आम्हाला. शाळा भरायची वेळ झालीय.” कुत्रं उठून बाजूला होई. त्या प्राण्याला जन्मात एवढा मान दुसऱ्या कुणी दिला नसेल.

मी त्या शाळेत चित्रकला आणि मराठी शिकवायला गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. भुईगाव आणि वटार यांच्या अधेमधे कुठेतरी ते गाव. एका अंगाला केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला खाजण, म्हणजे समुद्राकडून हिसकावून घेतलेली भातशेती, आणि खाजणाच्या पलीकडे खाडी. खाडी आणि भात यांच्या मध्ये माणसाच्या दीडपट उंचीचा मातीचा बांध. बस्स. त्या मातीच्या जिवावर सगळं गाव जेवत होतं. बांध फुटला की खारं पाणी भातात, भातातून वाड्यांत, वाड्यांतून विहिरींत. मग तीन-चार वर्षं त्या जमिनीत गवत उगवायचं नाही. हे गावाला माहीत होतं. पण गावाला भांडणं होती, लग्नं होती, सण होते, त्यामुळे गाव ते विसरू शकत होतं. राऊत मास्तरांना ते जमत नव्हतं.

सकाळी उठल्याबरोबर ते विहिरीचं पाणी जिभेवर ठेवत आणि ओरडून सांगत, “गोड आहे!” आतून त्यांच्या पत्नी जानकीवहिनी ओरडत, “बरं झालं. आता दात घासा.” स्वतःच्या वर्गात शिरतानासुद्धा ते दारावर टकटक करत. वीज कडाडली की फळ्यावरचं वाक्य अर्धं टाकून खडू खिशात घालत. का, म्हणून मी एकदा विचारलं. “त्या वेळी हातात काही नको,” म्हणाले. आणि हा माणूस शिकवायचा काय, तर इतिहास! लढायांचे धडे ते इतक्या घाईने उरकत की पोरांना वाटे, दोन्ही सैन्यं एकमेकांना बघून पळाली असणार.

एकाच बाबतीत ते रेंगाळत. त्यांच्याकडे एक पुस्तक होतं. मिठागराच्या कचेरीतला कुणी गोरा साहेब देश सोडताना सामान विकून गेला, त्यात मास्तरांनी एक कंदील घेतला. कंदील हलू नये म्हणून खोक्यात एक जाड पुस्तक कोंबलेलं होतं. कंदील महिन्याभरात फुटला. पुस्तक राहिलं.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्याचा तो इतिहास होता. त्या जिल्ह्याचं नाव मास्तर दर वेळी निराळं उच्चारत, म्हणून आम्ही सगळे त्याला ‘मास्तरांचा जिल्हा’ म्हणत असू, आणि मी आजही तेच म्हणतो. त्यात राजे नव्हते, राण्या नव्हत्या. कुठला बांध कुणी घातला, कुणाच्या आळसाने फुटला, कुठलं गाव कुठल्या साली पाण्याखाली गेलं, एवढंच. कारण तो जिल्हाही आमच्यासारखाच होता. खाडी, खारी जमीन, मातीचा बांध. साहेबाच्या देशातही माणसं मातीच्या जिवावर जेवतात हे वाचून मास्तरांना जी भीती बसली, ती साहेब इथे असताना कधी बसली नव्हती.

त्या जिल्ह्यातली मोठी माणसं मास्तरांच्या तोंडून अशी येत, जशी काही त्यांच्या आत्याच्या सासरची. एक पाद्री होता, तो दर उधाणाला देवळाच्या भिंतीवर पाण्याची रेघ कोरून ठेवायचा. एक विधवा होती, तिने बांधाला दगड आणण्यासाठी गळ्यातली साखळी विकली आणि उरलेला जन्म मोकळ्या गळ्याने काढला. आणि एक बांधाचा कारभारी. हा मास्तरांचा सर्वांत लाडका. उधाणात तो बांधाला कान लावून पडून राहायचा. बांधातून झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर म्हणायचा, झोपा. गढूळ असेल तर म्हणायचा, उठा. स्वच्छ पाणी नुसतं पाझरतं, गढूळ पाणी पोटातली माती खात येतं.

“बघा, चौधरी,” मास्तर मला सांगत, “किती थोर माणूस! आणि त्याचा पुतळा नाही कुठे.”

हेडमास्तरांना हे पुस्तक खपत नसे. “राऊत, इंग्रज गेला. आता तरी त्याचं ते बाड टाका.”

मास्तर चाचरत म्हणाले, “इंग्रज गेला, साहेब. पण त्याचा समुद्र आपल्याच समुद्राला लागून आहे.”

आमच्याकडे शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले तेव्हाची गोष्ट. मास्तर सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. इन्स्पेक्टर वर्गात शिरले, खुर्चीवर बसले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, “साहेब, चूक माझी.”

“कसली चूक?”

“अजून व्हायची आहे.”

इन्स्पेक्टर हसले. मग त्यांनी मुलांना सोपासा प्रश्न टाकला, “इंग्लंडमधल्या एखाद्या थोर व्यक्तीचं नाव सांगा.” पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने साखळी विकणारी विधवा अशी काही सांगितली की साहेबांची लेखणी थांबली. दगड किती लांबून आणला, नावाड्यांनी कसा फसवला, शेवटचा दगड बसला तेव्हा ती कशी बांधावर बसून पाव खात होती, सगळं. इन्स्पेक्टरांनी ही बाई आयुष्यात ऐकली नव्हती. पण नाही कसं म्हणणार? “शाबास,” म्हणाले आणि त्यांनी मास्तरांना शोधायला मान वळवली. मास्तर फळ्यामागे उभे होते. खालून फक्त पाय दिसत होते आणि ते कापत होते.

आता पुढचं सांगायला मला थोडा जोर करावा लागतो, कारण यात माझा हात आहे.

त्या पुस्तकातली दोन पानं मास्तरांनी भाताच्या खळीने एकमेकांना चिकटवून टाकली होती. श्रावणात त्यांना ताप भरला. त्यांनी वर्ग माझ्यावर सोपवला, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि अंथरुणातून म्हणाले, “विधवेचं प्रकरण घ्या. नाहीतर पाद्र्याचं. ती चिकटलेली पानं तेवढी उघडू नका.”

बावीस वर्षांच्या माणसाला, त्यातून गावच्या नाटकात खलनायकाची कामं करणाऱ्या माणसाला, हे असं सांगायचं असतं का?

मी घरी गेलो, चहाच्या वाफेवर पानं धरली आणि उघडली. आत त्या जिल्ह्याची एक जुनी शिक्षा होती. बांधाचा प्रत्येक तुकडा एकेका घराकडे असे. ज्याने आपला तुकडा डागडुजी न करता ठेवला आणि त्यामुळे बांध फुटला, त्या माणसाला पकडून त्या फुटलेल्या जागीच उभा करत, बाजूने लाकडी मेढी ठोकत आणि वर माती घालत. तो त्या बांधाचाच भाग होऊन राही.

एवढंच होतं, चार ओळी. मी त्याचे तीन अंक केले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो माणूस झालो, पकडणारे झालो, समुद्र झालो. टेबलावर उभा राहून हात पसरले, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत माती आली, आणि मी अशी किंकाळी फोडली की शेजारच्या वर्गातलं गणित बंद पडलं. पोरं पांढरी फटक झाली. मी खूश. अहाहा, काय प्रेक्षक!

मला एक गोष्ट सुचली नाही. त्या काळी आमच्या भागात कुठेही पुलाचं किंवा धक्क्याचं काम निघालं, की पायाभरणीत माणूस पुरल्याशिवाय काम टिकत नाही अशी हूल उठे. आया पोरांना घरात कोंडून ठेवत, परका माणूस दिसला की दारं लागत. आणि आमचा बांधही असाच तुकड्यातुकड्याने घरोघर वाटलेला. अशा गावात मी हे नाटक केलं.

भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या भरतीला मास्तरांच्या हिश्शाच्या तुकड्याला झिरप लागली. खेकड्यांनी आतून पोखरलं होतं. मास्तर तापातून नुकतेच उठलेले. वाकून त्यांनी ते पाणी ओंजळीत घेतलं आणि उन्हात धरलं. तळाशी माती बसली.

“गढूळ आहे,” ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी सर्वपित्री अमावास्या. वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक, आणि आमच्याकडे अमावास्येची भरती ऐन दुपारी बाराच्या सुमाराला चढते. भात फुलोऱ्यात. पंधरा दिवसांत तो तुकडा खणून, पेंढा आणि चिकणमाती घालून पुन्हा भरायला हवा होता, नाहीतर सगळ्या गावाचं भात आणि वाड्या जाणार होत्या. दहा-बारा माणसांचं आठ दिवसांचं काम. बांधाची माणसं दर वर्षी धाकू मुकादम आणायचा, चिंचोटीच्या बाजूने. मास्तरांनी त्याला निरोप धाडला. धाकू आला, पण एकटाच आला आणि अंगणाबाहेर उभा राहिला.

“मानसं येनार नाहीत, मास्तर.”

“का रे बाबा? मजुरी...”

“मजुरीचं नाय. तुमच्या बुकात मानूस लागतो म्हने.”

“धाकू! अरे, ती तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, विलायतेतली!”

“बुक विलायतेचं, पन बांध हितलाच हाय ना?” धाकू म्हणाला. तो दुष्ट नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरी भीती होती. “साहेब जाताना तुमाला बुक देऊन गेला. कुठं पुरायचा ते त्यात लिवलंय, आन तुमी पानं चिकटवून ठेवलीत. लपवायचं नव्हतं तर चिकटवली कशाला?”

पोरांनी घरी सांगितलेली गोष्ट चार दिवसांत अशी वाढली होती, आणि त्यातून सांगणारा मी गळून नुसते मास्तर आणि त्यांचं पुस्तक उरलं होतं. शाळेतली निम्मी पोरं यायची बंद झाली. मास्तर वाटेने निघाले की बायका पदराखाली पोरं घेत. ते पिवळं कुत्रंसुद्धा, देवाशपथ, त्यांना पाहून उठून गेलं.

“चौधरी,” मास्तर मला म्हणाले. “चौधरी, लोक मला घाबरतात हो!” हे त्यांच्यावर कधी आलं नव्हतं. जगातला प्रत्येक प्राणी आपल्याला भिववण्यासाठी आहे, ही त्यांची सगळी रचनाच उलटी झाली होती.

गावाने बैठक बोलावली. मंडळी दोन बाजूंना बसली, मध्ये मास्तर उभे. पोलीस पाटलांनी विचारलं, “ही माणूस पुरायची गोष्ट वर्गात कुणी सांगितली?”

मी दुसऱ्या रांगेत होतो. मी तोंड उघडणार होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी खाली बघत होतो. धाकूच्या मागे बसलेल्या माणसांकडे कोयते होते. मी नवा, परगावचा, माझं त्या गावात कुणी नव्हतं. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “मीच. दुसरं कोण? इतिहास मी शिकवतो.”

त्यानंतर आम्ही चौघं राबलो. मास्तर, जानकीवहिनी, मी आणि शेजारच्या तुकड्याचा मालक इनास. इनास भुईगावच्या बाजूचा ख्रिस्ती शेतकरी, उंच, काळा, सदा हसरा. तो एकटा या भानगडीला हसला. “मास्तर मानूस पुरनार? ते मुंगी मेली तरी तीन दिवस जेवत नाहीत.” पण तोही काम करताना मागे वळून बघे. भीती अशीच असते, न मानणाऱ्यालाही मान वळवायला लावते.

चौघांनी आठ दिवसांत जेवढं होतं तेवढं केलं. ते निम्मंही नव्हतं.

सर्वपित्री अमावास्या उजाडली. लख्ख ऊन, वारा नाही, आभाळात ढग नाही. मला वाटलं होतं, संकट येतं तेव्हा पडद्यामागे ढोल वाजतो. काही वाजलं नाही. गावात घरोघरी पितरांच्या खिरीचा वास सुटला होता. आम्ही चौघं बांधावर. साडेअकराला खाडी भरून आली, आणि भरतच राहिली. न लाटा, न आवाज, नुसतं पाणी वर चढत होतं, गवताचं एक एक पातं गिळत. बांधाच्या आतल्या अंगाला, भाताच्या बाजूला, बोटाएवढी धार उडाली. गढूळ. मग मनगटाएवढी. मग बांधाच्या माथ्यावरची माती ‘भस्’ करून बसली आणि बांधात माणूसभर रुंदीची फट पडली. तिला आमच्याकडे खांड म्हणतात. पाणी तिच्यातून आत कोसळू लागलं.

“पळा!” इनास ओरडला.

मास्तर पळाले. हे मी झाकणार नाही. बांधावरून गावाच्या दिशेने, छत्री टाकून, धोतर वर धरून ते पळाले. वीस-बावीस पावलं. मग थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती आणि ती हुंदके दिल्यासारखी हलत होती. मग ते वळले आणि तितक्याच वेगाने परत आले, मोठमोठ्याने “आई गं! आई गं!” करत, आणि त्या खांडीत उतरले. हात दोन्ही बाजूंच्या मातीत रोवले, डोळे मिटले आणि अंगाने पाणी अडवलं. कमरेपर्यंत चिखलात रुतले.

“पेंढा!” ते किंचाळले. “आधी पेंढा! चौधरी, माणसं आणा! अगं आई गं!”

मी धावलो. गावात पानं मांडलेली होती. माझ्या नाटकी घशाचा आयुष्यात एकदाच खरा उपयोग झाला. “मास्तर खांडीत उभे आहेत!” एवढंच मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरडत गेलो. लोक उष्ट्या हातांनी बाहेर आले, धावत बांधावर आले, आणि तिथे थबकले.

खांडीत माणूस उभा होता. पुस्तकात लिहिला होता तसा.

मग एक म्हातारी कपाळाला हात लावून पुटपुटली, “मिळाला गं बाई मानूस.” आणि त्या गर्दीतून एक श्वास सुटला. मी तो ऐकला. सुटकेचा श्वास. आता आपली पोरं वाचली! दुसऱ्या क्षणी सगळं गाव कामाला लागलं. टोपल्या हातोहात आल्या. पेंढ्या आल्या. कुणी गोठ्याचं दार उपटून आणलं, कुणी केळीचे खुंट. सगळ्यांत पुढे धाकू. जी माणसं पंधरा दिवस येत नव्हती ती पाण्यात उड्या घेत होती, आणि मधोमध मास्तर, डोळे मिटून, रडत, ओरडत, हुकूम सोडत: “पायाने दाबा! नुसती टाकू नका, दाबा! बाहेरून मेढी ठोका! अरे माझा पाय! आई गं! दाबा, दाबा!”

पाणी थांबलं. माती मास्तरांच्या छातीपर्यंत आली होती.

“आता यांना बाहेर काढा,” जानकीवहिनी म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

“काढा म्हणते ना!”

धाकू चिखलाने माखलेला होता. त्याने खाडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. “वहिनी, अजून भरती हाय. आता काढलं तर माती बसल. पानी फिरल.” तो खोटं बोलत नव्हता. पण त्याच्या मागे आठ-दहा माणसं भरलेल्या टोपल्या घेऊन उभी होती, आणि त्या टोपल्या खाली कुणी ठेवत नव्हतं. गळ्यापर्यंत आणखी वीतभरच माती लागणार होती. मला त्या वेळी जी भीती वाटली ती समुद्राची नव्हती.

वहिनींनी पेंढा कापायचा विळा उचलला आणि त्या मास्तरांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. “माझा नवरा इथे ठेवून घरी जाऊन खीर खाणार? टाका टोपली. कुणाची पहिली पडते तेच बघते.”

इनास दोरी घेऊन त्यांच्या शेजारी आला. मीही गेलो, उशिरा, पण गेलो.

तेवढ्यात मास्तरांनी डोळे उघडले. समोर ती माणसं, टोपल्या, मागे हातभर अंतरावर अख्खी खाडी. त्यांनी सगळं पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. दात वाजत होते म्हणून शब्द तुटत होते. “थांबा. धाकू बरोबर बोलतोय. ओहोटी लागू दे. मग काढा.” मग धाकूला म्हणाले, “आणखी नको मात्र. एवढी पुरे, धाकू. एवढीच लागते.”

धाकूने टोपली खाली ठेवली. मग मागच्यांनी ठेवल्या, एकेक करून.

दोन तास मास्तर त्या बांधात उभे होते. वहिनींनी वर छत्री धरली. कुणी खीर आणली, ती वहिनी चमच्याने त्यांना भरवत होत्या. एक कावळा येऊन खांडीच्या कडेला बसला. पितरांचा दिवस, समोर पान, आणि मातीत निम्मा गेलेला माणूस.

“मास्तर,” इनास म्हणाला, “जरा हलत राहा. त्याचा गैरसमज होतोय.”

आधी वहिनी हसल्या, मग धाकू, मग सगळा बांध हसला. मास्तर मात्र खरोखर मान हलवत राहिले, कावळा उडेपर्यंत.

ओहोटी लागल्यावर त्यांना दोरीने ओढून काढलं. धोतर आणि एक चप्पल आतच राहिली. धाकूने त्यांना पाठीवर घेऊन घरी नेलं, आणि वाटेत पाच-सहा वेळा विचारलं, “राग नाही ना, मास्तर?” आणि मास्तर पाठीवरून पाच-सहा वेळा म्हणाले, “हळू चाल रे, पडेन.”

संध्याकाळी मी गेलो. ते घोंगडी लपेटून बसले होते. मी म्हणालो, “मास्तर, ती गोष्ट वर्गात मी...”

“माहीत आहे. खळ वाफेने सुटलेली दिसते की,” ते म्हणाले. “एक विचारू? तुम्ही त्या माणसाला ओरडायला लावलंत?”

“हो.”

“पुस्तकात तो ओरडत नाही.” त्यांनी पुस्तक जवळ ओढलं, ती दोन पानं उघडली आणि पेन्सिल काढली. “पण लिहिणारा बांधावर उभा होता, चौधरी. खांडीत नव्हता.” आणि समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: ओरडतो. मग आणखी थोडा विचार करून लिहिलं: पुष्कळ.

भात वाचलं. त्या दिवाळीनंतर गावाने बांधाचे हिस्से मोडले आणि सगळा बांध सगळ्यांनी मिळून राखायचा ठरवला. हा ठराव कुणी मांडला ते मला आठवत नाही. मास्तरांनी नक्कीच नाही, ते बैठकीला आलेच नव्हते. माणसं टोपल्या घेऊन येतील असं त्यांना वाटलं होतं.

मी पुढे नाशिकला नोकरी धरली. पाच-सहा वर्षांनी एका लग्नासाठी त्या बाजूला गेलो होतो. अमावास्या होती, दुपार होती. मी मुद्दाम बांधावरून वाट काढली. दुरून एक वाळकं शरीर दिसलं. राऊत मास्तर अनवाणी उभे होते, त्याच जागी. समुद्राकडे पाठ. समुद्राकडे बघायचं धैर्य त्यांना नव्हतंच. डोळे मिटलेले, पाय जरा फाकलेले, तळवे मातीवर घट्ट. बांध थरथरतो का, ते ते पायांनी ऐकत होते. मागे खाडी काठोकाठ भरली होती.

मी जवळ गेलो, नमस्कार केला. त्यांनी डोळे न उघडता ओळखलं. “चौधरी का? हळू पाय टाका.”

“मास्तर, दर उधाणाला येता?”

“येतो.”

“आणि भीती?”

“वाटते ना.”

“मग घरी का नाही बसत?”

“घरी जास्त वाटते,” ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांचे गुडघे सारखे कापत होते, धोतराच्या निऱ्या हलत होत्या. बाराचे साडेबारा झाले, एक झाला. पाण्याने मागे एक हात जागा सोडली, मग दोन हात. मी म्हणालो, “मास्तर, ओहोटी लागली.”

“लागू दे,” राऊत मास्तर म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.